भिंतीआडच्या सुनेचा फोटो

लग्न होऊन मी तिरोड्याहून गोंदियाजवळच्या गोरेगावला आले ते १९९९ साल. यांचा फोटो स्टुडिओ म्हणजे आमच्याच घराची रस्त्याकडची खोली. आत एक निळा पडदा, दोन दिवे, एक स्टूल आणि कोपऱ्यात सागाच्या चौकटीतला, माझ्या खांद्याइतका उंच आरसा. फोटोला आलेल्या माणसानं त्यात बघून भांग पाडायचा, तोंडाला पावडर लावायची आणि कॉलर नीट करायची, एवढंच त्या आरशाचं काम होतं. चौकटीला दोरीनं एक कंगवा बांधून ठेवलेला असे, कारण लोक कंगवा चुकून खिशात घालून नेत.

मी त्या खोलीत जायची ती झाडू मारायला आणि आरसा पुसायला. पुढे आठवडी बाजाराच्या दिवशी बायका लेकरांना घेऊन यायला लागल्या की हे मला हाक मारायचे. कुणाच्या पदराला पिन लाव, कुणाच्या रडणाऱ्या पोराला खुळखुळा दाखव, अशी ती मदत. कॅमेऱ्याला मी हात लावत नव्हते.

आरशाचा फोटो आमच्याकडे पहिल्यांदा निघाला तो माझाच. मला सातवा महिना लागला तेव्हा घरी डोहाळजेवण झालं. नणंदेनं सकाळपासून बसून शेवंती आणि अबोलीची वेणी गुंफली, पाठभर. आता वेणीही फोटोत यायला हवी आणि तोंडही, म्हणून यांनी तो आरसा माझ्यापुढे आणून ठेवला आणि माझ्या पाठीमागून फोटो घेतला. रोल धुवायला गोंदियाला जायचा. फोटो आले तेव्हा घरातल्या सगळ्या बायका भोवती जमल्या. वेणीचं फूल नि फूल दिसत होतं. आरशात मात्र माझ्या तोंडाच्या जागी फ्लॅशचा पांढरा गोळा होता आणि बाजूला एक डोळा मिटलेले हे.

सासूबाई फोटो जवळ धरून म्हणाल्या, "वेणी तं चांगली आली."

हे दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. गावभराचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या बायकोचाच फोटो बिघडला होता. पुन्हा काढू म्हणावं तर फुलं सुकून गेली होती.

त्यानंतरचे दोन महिने मला जड काम नव्हतं. दुपारी स्टुडिओत कुणी नसलं की मी आरशापुढे स्टुलावर बसायची आणि हे रोल नसलेला कॅमेरा डोळ्याला लावायचे. त्या रिकाम्या कॅमेऱ्यानंच आम्ही दोघं शिकलो. आरसा जरा तिरपा ठेवला की फ्लॅश आणि फोटो काढणारा, दोघंही बाहेर जातात. दाराचा उजेड बाजूनं घेतला तर फ्लॅशची गरजच पडत नाही. फोकस आरशाच्या चौकटीवर धरला तर तोंड धुरकट येतं, कारण तोंड आरशाच्या जितकं बाहेर असतं तितकंच त्याच्या आत जाऊन बसतं. हे यांनी शोधून काढलं. मी शोधून काढलं ते वेगळं. मी आरशात स्वतःच्या डोळ्यांकडे बघायची तेव्हा हे ओरडायचे, "अगं, तू दुसरीकडंच पाहून राहिली." मग लक्षात आलं की आरशातल्या स्वतःकडे बघायचं नाही, आरशातल्या कॅमेऱ्याकडे बघायचं. आपल्याला कॅमेरा दिसला की कॅमेऱ्याला आपण दिसतो.

मुलगी झाली, ती रांगायला लागली, आणि एका डोहाळजेवणाला हे तापानं पडले म्हणून कॅमेरा घेऊन मी गेले. बायकांच्या घोळक्यात बाईनं फोटो काढलेला त्यांना फार आवडला. हसायला, बसायला, पदर सावरायला मोकळीक. तेव्हापासून अशा घरी मीच जायला लागले. माझी पद्धत ठरून गेली होती. घरात शिरल्यावर आधी खिडकी कुठे आहे ते बघायचं. मग स्टुडिओतून गोधडीत गुंडाळून आणलेला आरसा लावायचा, आणि मग आरशात नको ते काय येतंय ते शोधायचं. दोरीवरची बनियन, कोनाड्यातली औषधाची बाटली, खाटेखालून बाहेर आलेले कुणाचे तरी पाय. डोळ्याला हे आधी दिसत नाही, फोटोत मात्र तेच पहिलं दिसतं. गावोगावी मला आरशावाली बाई म्हणायला लागले.

अशाच एका गावी, नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मी एका डोहाळजेवणाचे फोटो काढत होते. भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. गाणी झाली, जेवणं झाली, तरी ती हलली नाही, माझ्याकडेच बघत होती. मी आरसा गोधडीत गुंडाळायला लागले तशी उठून जवळ आली.

"बाई, ही पोरगी पाठमोरी बसली होती, नाही का?"

"हो."

"अन तोंड आरशात दिसते."

"हो."

"म्हणजे ती तुया सामोर आली असं नाही होत."

मला हसू आलं. "नाही होत. पाठमोरीच बसली होती ना ती."

"मंग आमच्या घरचा असा फोटो काढशील का?"

तिचं घर पोवारांचं. घरात आपसांत ते पोवारी बोलायचे, माझ्याशी मराठी. घरात म्हातारा-म्हातारी, एक मुलगा, सून आणि नात, एवढी माणसं. सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडं ठेवून यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. सून येऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. मागे कुणा पाहुण्यानं सगळ्यांचा फोटो काढला होता, त्याबद्दल म्हातारी म्हणाली, "त्या फोटोत आम्ही चौघं आहोत अन एक लुगडं आहे. सून नाही."

"आजोबांना चालेल का?" मी विचारलं.

"बुढ्याले मी सांगतो. त्यानं सामोर पाहाचं, बस." मग आवाज उतरवून म्हणाली, "पोरगा दिवसभर वावरात असते. बुढा आंगणात. माझ्यासंगं दिवसभर तीच असते वो. मले सगळ्यात जास्त तिचंच तोंड माहीत आहे, अन फोटोत तेच नाही."

दिवाळी झाल्यावर, मंडईच्या दिवसांत या, असं ठरलं. तेव्हा गावोगावी जत्रा भरते, पाहुणेरावळे येतात, आणि मुलगाही एखादा दिवस वावरात जात नाही.

त्या दिवशी आम्ही दोघंही निघालो. यांच्या मोटारसायकलवर हे पुढे, मी मागे आणि आमच्या दोघांच्या मध्ये गोधडीतला आरसा. मी तो दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळं होऊन वाकलं होतं, काही बांध्या, धानाचे बांध घातलेले तुकडे, कापून झाल्या होत्या. खड्डा आला की हे "धरलास ना?" विचारायचे, आणि ते आरशाबद्दल असायचं, माझ्याबद्दल नाही.

घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, शेणानं सारवलेलं. पुढची खोली, तिच्या मागच्या भिंतीत एक दार, आणि त्या दारामागे आतली अंधारी खोली. आजोबा पांढरं धोतर, सदरा आणि टोपी घालून पुढच्या खोलीत खुर्चीवर बसूनच होते. मुलगा मागे उभा होता. नात पाच-सहा वर्षांची, नव्या फ्रॉकमध्ये.

सून आतल्या खोलीत होती. माझ्याच वयाची असेल. हनुवटीवर गोंदणाचा एक ठिपका, रुंद कपाळ, आणि वाक्य संपायच्या आधीच हसायची सवय.

"काऊन वो बाई, मी खरंच येणार का फोटोत?" तिनं विचारलं.

"येणार म्हणजे! त्यासाठीच आरसा आणला."

"अन कशी येणार? मी तं इथं, अन ते सगळे तिथं."

तेवढ्यात पुढच्या खोलीत आजोबा खाकरले. तिचा पदर आपोआप नाकापर्यंत खाली आला, पण बोलणं थांबलं नाही. पदराच्या आतून ती विचारतच राहिली.

मी जे ठरवलं ते असं. आजोबा, आजी, मुलगा आणि नात पुढच्या खोलीत, कॅमेऱ्याकडे तोंड करून. त्यांच्या पाठीमागे आतल्या खोलीचं दार उघडं. त्या दारातून आत समोर दिसेल असा, पलीकडच्या भिंतीला टेकवलेला आरसा. आणि सून दाराच्या बाजूला, भिंतीच्या आड, आरशाकडे तोंड करून उभी. पुढच्या खोलीतल्या कुणालाही ती दिसणार नाही. तिनं उंबरठाही ओलांडायचा नाही. फक्त कॅमेऱ्याला ती दिसेल, दारातून, आरशात.

स्टँडवर कॅमेरा लावून मी डोळा लावला तर दाराच्या जागी नुसता काळोख होता. आरसा आहे हे मलाच माहीत होतं म्हणून कळत होतं. फ्लॅश एकच, तो पुढून मारला असता तर माझ्या डोहाळजेवणाच्या फोटोसारखं झालं असतं. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. धान साठवायची ढोली, दोन पेट्या आणि अंधार.

यांनी वर बघितलं. "कवेलू काढले तर?"

मला वाटलं म्हातारी रागावेल. तिनं लगेच मुलाला शिडी आणायला सांगितली. "काढा ना. पाणी का आता येऊन राहिलं?"

मुलाला फोटोत बसायचं होतं, कपडे मळायला नको होते. म्हणून हे छपरावर चढले. सून उभी राहणार होती तिथले कवेलू त्यांनी एकेक करून उचलून बाजूला ठेवले. ऊन सरळ खाली पडलं. पण त्या उन्हानं तिचे केस चकाकले आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसायला लागले. म्हातारीनं मग आजोबांचंच एक धोतर आणलं आणि ते आम्ही दोघींनी दोरीवर, त्या भोकाखाली आडवं ताणून बांधलं. आता उजेड मऊ झाला. सारवलेल्या भिंतीचा रंगसुद्धा नीट दिसायला लागला, आणि तिच्या कपाळावरची टिकली.

मग आरसा नीट लावणं. मी कॅमेऱ्यापाशी, आरसा म्हातारीच्या हातात, आणि सून भिंतीआड. सासऱ्यांना ऐकू जाईल असं तिनं बोलायचं नव्हतं, म्हणून ती सासूच्या कानाशी सांगायची आणि सासू ओरडून मला सांगायची.

"काय दिसतंय तिला?"

"दाराची चौकट दिसते म्हणते!"

"आरसा थोडा तुमच्याकडे ओढा. आता?"

"बुढ्याचा कान दिसते म्हणते!"

"अजून थोडा. आता?"

"आता आरशावाल्या बाईचा हात दिसते म्हणते!"

आजोबा इतका वेळ शांत बसले होते. आता म्हणाले, "फोटो आमचा काढून राहिले का त्या ढोलीचा? सगळे तं मागंच पाहून राहिले." छपरावरून यांचं हसणं ऐकू आलं.

आरशाच्या एका कोपऱ्याखाली दुमडलेलं पोतं घातलं, आणि एकदम कॅमेऱ्यात तिचं तोंड आलं. काळ्या दाराच्या मधोमध, लहान पण स्वच्छ. तिलाही त्याच क्षणी कॅमेरा दिसला असणार, कारण तिनं पदर कानामागे सारला आणि सरळ उभी राहिली. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

म्हातारी लगबगीनं पुढे येऊन आजोबांशेजारी बसली. जवळचेही आणि आरशातलेही, सगळे स्पष्ट यावेत म्हणून लेन्सचं भोक बारीक केलं होतं; उजेड कमी आत येणार, तेव्हा बटण जरा वेळ दाबून धरावं लागणार होतं. मी सगळ्यांना न हलायला सांगितलं. आजोबांना ते सांगायची गरजच नव्हती, ते दगडासारखे बसले होते. नात मात्र मध्येच मागे वळली. आरशात तिला आई दिसली असेल. मी पुन्हा काढला, पुन्हा पुन्हा काढला. मग कवेलू जागच्या जागी बसवले, धोतर झटकून दिलं, आणि आम्हाला भाकरीबरोबर लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं.

फोटो धुऊन आले तेव्हा म्हातारी स्वतः बसनं स्टुडिओत आली. सगळे फोटो तिनं मांडीवर ठेवून एकेक बघितले. ज्यात नात नीट समोर बघत होती त्यांत सून गंभीर होती, ओळखपत्राच्या फोटोत असतात तशी. एकाच फोटोत नात मागे वळलेली, तिचं तोंड फिरल्यामुळे पुसट झालेलं, आणि सून तिच्याकडे बघून हसत होती. म्हातारीनं तोच निवडून बाजूला ठेवला.

"यात पोरीचं तोंड हललंय," मी म्हटलं.

"हलू दे. पोरगी तं रोज हलते."

तो मोठा करून, चौकट लावून मी त्यांच्या घरी घेऊन गेले. म्हातारीनं चौकट सुनेच्या हातात दिली आणि बोट ठेवून दाखवलं. सुनेनं चौकट दाराच्या उजेडात नेऊन बघितली. मला वाटलं आता काहीतरी छान ऐकायला मिळणार.

"मी नखाएवढी दिसून राहिली," ती म्हणाली. "बाकी सगळे एवढे मोठे मोठे."

"आरसा लांब होता ना," मी समजावलं.

"मालूम आहे." ती हसली नाही. "तरी."

तेवढ्यात आजोबांनी आंगणातून फोटो मागितला. नातीनं तो नेऊन दिला. त्यांनी तो उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला, हातभर लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"धुरकट काढला," ते म्हणाले. "मधात काही नाही. काळं दार आहे."

म्हातारी ताडकन उठून बाहेर गेली. "काळं दार कायले? सून आहे ती."

"कुठं आहे?"

"ही काय! हसून राहिली ना!"

आपली थट्टा चालली आहे असं आजोबांना वाटलं. तेव्हा मुलगा जवळ आला, त्यांच्या शेजारी बसला आणि त्यानं साधंच विचारलं, "बाबा, फोटोत पोरीच्या फ्रॉकवर काय आहे?"

आजोबा फोटोकडे बघत राहिले. फ्रॉकवर मोठी मोठी पिवळी फुलं होती, ती मला लांबून दिसत होती. त्यांनी फोटो मांडीवर पालथा ठेवला.

"कधीपासून?" मुलानं विचारलं.

"दोन धान झाले असन," आजोबा म्हणाले. "वयानं होते असं वाटलं. चालण्यावरून समजते ना मले कोण आहे तं."

दोन हंगाम त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. आवाजावरून, पावलांवरून माणसं ओळखून त्यांचं चाललं होतं. फोटोच्या दिवशी ते इतके स्थिर का बसले होते, तेही मला तेव्हा समजलं. त्यांना मी कुठे उभी आहे हेच नीट दिसत नव्हतं. जिकडून माझा आवाज येईल तिकडे तोंड करून ते बसले होते.

मळणी आटोपल्यावर मुलानं त्यांना गोंदियाला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. हे मला सुनेकडून कळलं, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी नातीच्या शाळेसाठी लहान फोटो काढायला आली तेव्हा. एकटीच आली होती, पोरीला घेऊन, बसनं. पोरीचा फोटो झाल्यावर स्टुलावर बसून ती पाणी प्यायली आणि सांगायला लागली.

डॉक्टरांनी दिवसातून चार-पाच वेळा डोळ्यात थेंब टाकायला सांगितले होते. मुलगा दिवसभर बाहेर. म्हातारीचा हात थरथरायचा, बाटलीचं टोक डोळ्यात जाईल अशी भीती. राहिली सून. पहिल्या दिवशी ती नाकापर्यंत पदर ओढून, पदराखालून अंदाजानं थेंब टाकायला गेली. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कानाकडे वाहत गेला.

"मामाजी खाटेवर उताणे पडले होते," ती म्हणाली. "म्हणाले, डोळा कुठं अन थेंब कुठं पाडून राहिली? पदर वर घे वो."

"मग?"

"मी सासूबाईकडं पाहिलं. त्या तांदूळ निवडून राहिल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, घे मंग, औषध कायले सांडवतेस."

"मग?"

"मंग का! घेतला वर. थेंब टाकला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आग होऊन राहिली."

आम्ही दोघी इतक्या हसलो की आतून माझ्या सासूबाई बघायला आल्या. मग तिनं पुढचं सांगितलं. चार-पाच दिवसांनी डोळा निवळला तशी आजोबांनी भिंतीवरचा फोटो खाली काढून मागवला. खाटेवर बसून फोटो बघितला, मग थेंबांची बाटली घेऊन उभ्या असलेल्या तिच्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"मले म्हणाले, फोटोत तं गोरी आहेस. अशी सावळी काऊन?"

"आणि तू?"

"मी म्हटलं, कवेलू काढले होते, मामाजी, उजेड होता." तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्यांच्याशी बोललेलं माझं हेच पहिलं. एवढ्या वर्षांत. तेही कवेलूचं."

हे सांगताना तिला वाईट वाटत होतं की मजा, ते मला तिच्या तोंडावरून ठरवता आलं नाही. दोन्ही असेल. पोरीचे फोटो पाकिटात घालून दिले तेव्हा उठता उठता म्हणाली, "दुसरा डोळा झाला की मग या एकदा. एक समोरून काढून घेऊ."

दुसरा डोळा पुढच्या हिवाळ्यात झाला, आणि यांच्याबरोबर मी गेले. या वेळी आरसा नेला नाही. आजोबा आंगणातच भेटले. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "बाई, तुया डोईचे केस पिकून राहिले." इतक्या दिवसांत हे मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. मग त्यांनी माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीचं उसवलेलं बक्कल दाखवलं, आमच्या गाडीच्या चाकात हवा कमी आहे म्हणून सांगितलं. दिसतं ते सगळं ते मोठ्यानं बोलून टाकत होते.

पुढच्या खोलीत सगळे जमले. सून आतून आली, डोक्यावर पदर, तोंड उघडं. उंबरठ्यावर तिचं पाऊल जरासं अडलं, मग ती पुढे आली. कुठं उभं राहायचं यावर थोडी ओढाताण झाली. मुलाचं म्हणणं, सुनेनं मागे उभं राहावं. म्हातारीनं आपली खुर्ची सरकवली आणि शेजारी पाट मांडला. सून म्हणाली, पाटावर बसली तर पुन्हा लहान दिसेन. शेवटी ती सासूच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून उभी राहिली आणि सगळ्यांच्या आधी कॅमेऱ्याकडे बघायला लागली. आजोबा मात्र कॅमेऱ्याकडे बघेचनात. भिंतीवरची पाल, छपराचा फुटका कवेलू, नातीची सैल झालेली वेणी. तीन-चार वेळा सांगून एकदाचे ते समोर बघायला लागले, आणि मी फोटो घेतला.

त्या घरची रीत त्या एका दिवसात बदलली असं म्हणता येणार नाही. दुसरे मोठे पाहुणे आले की तिचा पदर खाली यायचा, हे मी नंतरही बघितलं. पण घरातल्या घरात तो वरच राहिला. आजोबा तिला हाक मारून पाणी मागायचे, बाजारातून काय आणायचं ते तिलाच विचारायचे. म्हातारी मला एकदा तक्रारीच्या सुरात म्हणाली, "आता दोघंच बोलत बसतात. मले कोणी विचारत नाही." तक्रार खरी नव्हती.

पुढे रोल बंद झाले. डिजिटल कॅमेरा आला, मग लोकांच्या हातात मोबाइल आले आणि आमच्याकडे पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम तेवढे उरले. आजोबा त्या काळात गेले. सून बाजाराला आली की स्टुडिओत डोकावून जायची. एकदा तिनं आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. तिनंच काढलेला म्हातारीचा फोटो होता, उन्हात, अगदी जवळून. दात नसलेलं तोंड हसून उघडलेलं, आणि त्या तोंडानं सगळा फोटो भरून गेलेला. डोक्याचा वरचा भाग कापला गेला होता, एक कानही बाहेर गेला होता.

"हा मोठा करून द्या," ती म्हणाली. "चौकट लावून."

"डोकं कापलं गेलंय," मी म्हटलं. "जरा मागे सरकून दुसरा काढून आण, मग चांगला करून देते."

"डोकं कायले?" ती म्हणाली. "मले तोंड पाहिजे."